पुस्तकात नसलेला शेवट

लिहायला विषय कुठून आणता, असं नव्यानं लिहिणारे लोक मला विचारतात. जरा ओळख वाढली की दुसरं विचारतात, छापलेलं पुस्तक लोकांच्या हातात जायचं कसं? पहिल्याचं उत्तर मला माझ्या पोटापाण्याच्या धंद्यानं दिलं. दुसऱ्यासाठी मी पाटोदा, शिरूर, कडा असा इतका भटकलो की बायको म्हणायची, "तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. जेवायला तरी बूड टेकून बसा."

पाटोद्याला तहसील कचेरीबाहेरच्या लिंबाखाली मी अर्ज लिहायचो. राज्य निजामाचं, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि खेड्यातून आलेल्या माणसाला उर्दूचं एक अक्षर लागायचं नाही. तो माझ्यापुढं उकिडवा बसून मराठीत सांगायचा आणि मी उर्दूत लिहायचो. सगळे मला मुन्शीजी म्हणत.

माणूस तक्रार घेऊन यायचा बांधाची आणि सुरुवात करायचा आज्याच्या लग्नापासून. एकजण मला आठवतो. भावकीनं बांध कोरला म्हणून आला होता. म्हणाला, "मुन्शीजी, त्या बांधावर बाभूळ हाय. ती माझ्या चुलतीनं लावली. आता चुलतीनं कावून लावली, तर..."

मी म्हणालो, "चुलतीचं राहू द्या. बांध किती सरकला ते सांगा."

साहेबाला बाभळीशी काय कर्तव्य? चार ओळींचा अर्ज झाला, तो अंगठा उठवून गेला आणि बाभूळ माझ्यापाशी राहिली. घरी आलो तरी सुटेना. ताटावर बसलो की मनात यायचं, बाईनं बांधावर, तेही बाभळीचं झाड का लावावं? मी उठून अंगणात येरझारा घालायचो. शेवटी स्वतःच एक कारण रचलं, ते कागदावर उतरवलं, आणि त्या दिवशी मला नीट झोप लागली. माझं लिहिणं असं सुरू झालं. अर्जात जे मावत नाही ते उचलायचं. तुमचा धंदा कोणता का असेना, त्यात रोज काहीतरी बाजूला टाकलं जात असतं. आधी तिकडं बघा. मात्र गाव बदला, जात बदला, बाभळीची बोर करा. ज्यानं विश्वासानं सांगितलं, त्याच्याकडं बाजारात कुणी बोट दाखवता कामा नये.

माझं पहिलं पुस्तक असंच एका वाक्यातून निघालं. मेहुणा परागंदा झाला म्हणून एकजण अर्ज द्यायला आला होता. जाता जाता म्हणाला, "बहीण म्हणती, मीच जाते हुडकायला." तो गेला, पण ते वाक्य दिवसभर माझ्यापुढं बसून राहिलं. मी ती बाई खरंच घराबाहेर काढली. नवऱ्याचा पटका कमरेला बांधून ती गावोगाव हिंडते, धर्मशाळेत झोपते, जत्रेत भाकरी थापून पोट भरते, आणि शेवटी पूर आलेल्या नदीशी येऊन थांबते. पलीकडच्या काठावर तिला नवरा दिसतो. ती पाण्यात उतरते आणि बुडते. हा शेवट मला इतका आवडला होता की लिहून झाल्यावर मी घरात बसूच शकलो नाही. कागद गुंडाळले आणि मिळेल त्या गाडीनं नगरला निघालो. मराठी खिळे असलेला जवळचा छापखाना तिथं होता, इंग्रजांच्या हद्दीत.

पुस्तकं छापून घेऊन परत येताना, कड्याच्या अलीकडं, करोडगिरीच्या नाक्यावर आमची गाडी अडवली. हद्द ओलांडून येणाऱ्या मालाची तिथं झडती व्हायची. नाक्यावरचा जमादार गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाला, "क्या है जी इसमें?"

"किताबां हैं साब."

"काए की किताबां?"

आता हा प्रश्न मला नवा होता. मी म्हणालो, "इन्सान की फितरत... याने के..." आणि अडखळलो.

"कौन लिखा?"

"मैंच लिखा."

"तुम लिखे, होर तुमकूच नईं मालूम?"

त्याचा चेहरा बदलला. इंग्रजी हद्दीतून छापील कागद येतात, धनी म्हणवणाऱ्याला आत काय आहे ते सांगता येत नाही. त्याला संशय येणार नाही तर काय! त्यानं गाठ सोडायला घेतली. भीतीनं माझी जीभ एकदम सुटली. "साब, एक औरत है. उसका मर्द घर छोड के गया. वो उसकू ढूंढने निकली."

त्याचा हात गाठीवरच थांबला. "फिर? मिला?"

मी नदीचा पूर सांगितला, पलीकडचा काठ सांगितला, ती बुडाली तेही सांगितलं. जमादार गाठ पुन्हा आवळून म्हणाला, "अच्छा नईं करे तुम," आणि गाडी सोडायची खूण केली.

वाटेत मी खूश होतो. लोक विचारतील तेव्हा पुस्तक दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, एवढी गोष्ट मी त्या नाक्यावर शिकलो आणि आजही ती सगळ्यांना सांगतो. तो शेवटी काय म्हणाला, ते मात्र मी कानाआड केलं. जमादाराला वाङ्मयातलं काय कळणार, असं मला वाटलं.

गठ्ठे माजघरात रचले. दुसऱ्या दिवसापासून दौतीशेजारी चार पुस्तकं मांडून बसू लागलो. कुणी हात लावीना. कचेरीत आलेल्या माणसाच्या डोक्यात त्याची जमीन असते. एका जमीनदाराकडं स्वतः घेऊन गेलो. त्यांनी लोडाला टेकल्या टेकल्या "ठेवा तिकडं" म्हटलं आणि ज्वारीच्या भावाची चौकशी केली. शाळामास्तरांनी पुस्तक उलटंपालटं करून कागद चांगला आहे म्हणून सांगितलं. मग मला चैन पडेना. अर्जाचं काम सोडून बाजार गाठू लागलो. कड्याच्या बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी दिवसभर उभा राहिलो, घसा बसेपर्यंत ओरडलो, आणि नेलेली सगळी पुस्तकं परत घेऊन आलो.

घरी येऊन बघतो तर माजघरातला एक गठ्ठा सुटलेला आणि अर्धा झालेला.

"पुस्तकं कुठं गेली?" मी विचारलं.

बायको भाकरी थापत होती. "कासारीणमावशी काकणं भरायला आलत्या. म्हणलं, न्या ह्यातली थोडी, घरात पाय ठेवायला जागा न्हाई. खपली तर खपली."

ही कासारीण शिरूरची. डोक्यावर काकणांची दुरडी घेऊन गावोगाव फिरायची. तिच्या ओळखीचे घरंदाज वाडे होते, तशी कुडाची खोपटंही होती. जिथं पुरुषाला ओसरीच्या आत पाय टाकता येत नाही, तिथं ती चुलीपर्यंत जायची. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण पुढच्या फेरीला ती आली ती नेलेली सगळी खपवून, आणि आणखी पुस्तकं मागून घेऊन गेली. त्यापुढच्या फेरीला त्याहून जास्त.

मी हवेत होतो. माझं पुस्तक चाललंय! बायकांना वाचता येत नसलं तरी घरात कुणी ना कुणी शाळेत गेलेला असतो, नवरा, दीर, भाचा. त्याच्याकडून त्या वाचून घेत असणार. रात्री कंदिलाशी माझी वाक्यं कानाकोपऱ्यांत घुमत असतील, असं मनात आणून मी एकटाच हसायचो. दुसरं पुस्तक सुरू करावं म्हणून कागदही आणला. पण चार दिवसांत एक शेतकरी लिंबाखाली येऊन उभा राहिला.

"बसा," मी म्हणालो. "कशाचा अर्ज?"

"अर्ज न्हाई." त्यानं धोतराच्या सोग्यातून माझं पुस्तक काढलं. "हे तुमीच लिवलंय न्हवं?"

"हो, मीच."

"मग माझ्यासंगं घरी चला. घरात भांडण लागलंय. मी बायकूला हे वाचून दावलं. बाई नदीत बुडाली, असं वाचलं. तर ती म्हणती, तुमी खोटं वाचताय. पुस्तकात नवरा जत्रंत सापडतो म्हणती, काकणाच्या आवाजावरनं बायकूला वळखतो म्हणती. मी म्हणलं, अगं, हितं तसं न्हाई. तर म्हणती, तुमाला वाचायलाच येत न्हाई. आन् माझी माय बी तिच्याच बाजूनं बोलती! आजवर त्या दोघींचं कशात म्हणून जमलं न्हाई, मुन्शीजी."

शेजारी बसलेले पक्षकार हसू लागले. मला हसू येईना. मी त्याची कशीबशी समजूत काढून पाठवला. तो गेला तोच आणखी एका गावचा निरोप आला, की पुस्तकात ती बाई बाजारात दुकान मांडते आणि नवरा गिऱ्हाईक होऊन येतो, ते पान आमच्या प्रतीत गाळलेलं आहे, बदलून द्या.

मी तडक घरी गेलो. "कासारणीला गोष्ट कुणी सांगितली?"

"मीच. तुमी वाचून दाखवली तेवढी सांगितली."

"आणि शेवट?"

"शेवट तुमी कुठं वाचला मला? लिहून झाला आन् कागद गुंडाळून नगरला पळालात."

ते खरं होतं. मी तसाच शिरूरच्या वाटेला लागलो. तिच्या घरी कळलं, ती फेरीवर आहे. एका गावात गेलो तर सकाळीच पुढं गेली म्हणाले. ऊन तापलं होतं, वाटेवर माळाशिवाय काही नव्हतं, आणि मी मनातल्या मनात तिला काय काय बोलायचं ते जुळवत चाललो होतो. शेवटी एका शेतकऱ्याच्या घरात ती सापडली. आत काकणं भरणं चालू होतं. मला ओसरीवर घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं. मधे कूड होता. तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

ती माझीच गोष्ट सांगत होती. बाई धर्मशाळेत पोचली होती. मधेच कासारीण थांबायची, "हात ढिला सोड गं," म्हणायची आणि पुढं चालू करायची. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं, की काकण हाताच्या हाडाशी अडलं की ती गोष्टीतलं काहीतरी भयंकर काढायची, पोरगी "मग?" म्हणायची आणि तेवढ्यात काकण मनगटात उतरलेलं असायचं. त्या घरची सून नवी होती आणि तिचा नवरा हैदराबादेकडं पलटणीत होता, हे मला नंतर कळलं. तिथं त्या दिवशी माझ्या नायिकेला नवरा पलटणीतच सापडला. सापडला तो घोड्यावर. आत बायकांनी सोडलेला सुस्कारा मला ओसरीवर ऐकू आला. आजवर माझ्या कुठल्याही वाक्याला असा सुस्कारा मी ऐकला नव्हता. मला राग आला होता, आणि त्या रागात थोडा हेवाही होता.

ती बाहेर पडल्यावर मी तिला गावाबाहेरच्या चिंचेखाली गाठलं.

"मावशी, माझ्या पुस्तकात घोडा नाही."

तिनं दुरडी उतरवली. "मग घाला की."

"नवरा सापडतच नाही माझ्या पुस्तकात! ती बाई मरते."

कासारणीनं दोन्ही हात कानांवर नेले. "मुन्शीजी, सवाष्णीच्या हातात काकण भरताना आमी काकण फुटलं असं बी म्हणत न्हाई. वाढवलं म्हणतो. आन् तुमी बाईच मारली? त्या घरात मी ही गोष्ट सांगू? मला दारात तरी उभं करतील का?"

"पण लोक माझ्याकडं येऊन भांडतात."

"माझ्याशी न्हाई भांडत?" आता तिचा आवाज चढला. "शिरूरच्या अलीकडं एका घरी सासूनं मला लबाड म्हणलं. पुस्तक अंगावर फेकलं. माझी सासू भरायची त्या घरात काकणं, तिची सासू भरायची. ते घर तुटलं तुमच्या पुस्तकापायी. मला काय ठाऊक शेवट काय हाय? तुमी कधी बसून सांगितला मला?"

मी जुळवून आणलेलं सगळं बोलणं जागच्या जागी विरलं. आम्ही दोघं चिंचेखाली बसलो. मी तिला गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती मधे मधे, "हे तर मीच बरं सांगते," म्हणत होती. मग कुठं थांबायचं यावर आमची घासाघीस सुरू झाली. मी म्हणालो, पटका बांधून ती घराबाहेर पडते तिथं थांबा. ती म्हणाली, तिथं थांबलं तर एकसुद्धा काकण चढायचं न्हाई. ती म्हणाली, नदी पार करू द्या आन् मग थांबते. ते मला चालेना. अखेर ठरलं की नदीला पूर आहे, पलीकडं कुणीतरी उभं आहे, तो कोण ते अजून दिसत नाही, तिथं तिनं म्हणायचं, "पुढचं पुस्तकात हाय, मला वाचता येत न्हाई."

तेव्हापासून तंटे थांबले. पुस्तकं आधीपेक्षा जास्त जाऊ लागली. जो माणूस तुमचं पुस्तक दुसऱ्याच्या हातात देणार, त्याला ते सबंध सांगा आणि कुठं थांबायचं ते त्याच्याशी बसून ठरवा. मी हे उशिरा केलं.

आता मला स्वस्थ वाटायला हवं होतं. तेवढ्यात कासारणीनं निरोप आणला. शिरूरच्या एका बाईनं मला बोलावलं होतं. "वाचून घेतलंय तिनं, दिराकडनं," कासारीण म्हणाली. "काय काम हाय ते सांगत न्हाई. जाऊन या."

ती बाई गावाच्या कडेला राहायची. नवरा नगरकडं कालव्याच्या कामावर म्हणून टोळीबरोबर गेला, टोळी परत आली, तो आला नाही. त्याला वर्षं लोटली होती. मी गेलो तेव्हा ती अंगणात शेळ्यांपुढं पाला टाकत होती. दीर दारात बसला होता. तिनं पदर सावरून मला खाट दाखवली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "तिला कावून मारलं?"

मी म्हणालो, "आक्का, गोष्ट आहे ती."

"ते कळतंय मला. पर कावून?"

काहीतरी बोलावं म्हणून मी सांगितलं, की इतकं हिंडून तो न सापडण्याचं दुःख लोकांना कळावं म्हणून. तिनं ऐकून घेतलं. मग पाल्याची फांदी मोडत म्हणाली, "मी न्हाई गेले हुडकायला. मला बी लोक म्हणले, जा. कुठं जाणार? हितं शेळ्या हायेत, दोन लेकरं हायेत, म्हातारी हाय. पेरणीला दिराला हात लागतो." तिच्या हातात हिरवी काकणं होती. मी तिकडं बघतोय हे तिला दिसलं. "तो हाय का न्हाई ते ठाऊक न्हाई. म्हणून हाय असं धरून भरते. कासारीण काही इचारत न्हाई, म्हणून मला ती आवडती."

"तुम्हाला राग आला का माझ्या पुस्तकाचा?"

"राग कशाचा? लई ग्वाड लिवलंय. ती धर्मशाळंत झोपती ते तर मी दोनदा वाचून घेतलं. पर ती मेली तवा मला वाटलं, ह्येंनी हिला सोडवलं. मेल्यावर सोपं हाय. उद्या सकाळचं काय, ते तुमी लिवलंच न्हाई."

दीर म्हणाला, "वहिनी, मुन्शीजी लांबनं आलेत, च्या तरी ठेव." तिनं गूळ घातलेला काळा चहा दिला. मी तो उभ्यानंच प्यालो. निघताना मला पायरीवरनं परत फिरावंसं वाटलं. म्हणालो, "आक्का, हे तुम्ही सांगितलं ते मी लिहू का?"

तिनं दिराकडं बघितलं. "लिवा," ती म्हणाली. "गाव बदला. आन् दिराला चांगला दाखवा, तो चांगला हाय."

परतीची वाट मला कळलीच नाही. घरी आलो तरी टिकेना. लिहायला बसायचो, उठायचो, मांजरसुंब्याच्या वाटेनं लांब चालत जायचो आणि अर्ध्यातून माघारी यायचो. जिथं पूर नाही, जत्रा नाही, कुणी कुठं जात नाही, अशी गोष्ट मी कधी लिहिली नव्हती. बाई सकाळी उठते, शेळ्या सोडते, कुणीतरी अनोळखी माणूस वाटेनं येताना दिसला की हात डोळ्यावर धरून बघते, आणि परत कामाला लागते. एवढ्यावर पुस्तक कसं उभं राहायचं? लिहिलेलं फाडलं. पुन्हा लिहिलं. बायकोला रोज वाचून दाखवत गेलो, आणि या वेळी शेवटापर्यंत. ती दळता दळता एकदा जातं थांबवून म्हणाली, "हे पान ऱ्हाऊ द्या." कुठलं पान ते मला अजून आठवतं. त्यात फक्त म्हातारीला न्हाऊ घालणं होतं.

दुसरं पुस्तक छापून आलं. कासारणीला पुढं बसवून मी ते सबंध सांगितलं. ती शेवटी म्हणाली, "यात काय होतंच न्हाई की."

"होतं. पण हळू होतं."

"मुन्शीजी, काकण एका झटक्यात चढवावं लागतं. हे मला जमायचं न्हाई." तिनं पहिल्याच पुस्तकाच्या प्रती मागितल्या आणि दुरडी उचलून गेली. मला वाईट वाटलं, पण तिचं चुकलं असं म्हणता येईना. एका पुस्तकाला चाललेली वाट दुसऱ्याला चालेल असं धरून बसू नये.

मग मी ठरवलं, आपणच लोकांपुढं वाचायचं. बाजारात माणसं जमवायची तर पोलिसांच्या अमीनसाहेबांची परवानगी लागायची. चार लोक एका जागी उभे राहिले तरी पोलीस विचारायला येत. मी स्वतःच्या हातानं उर्दूत अर्ज लिहिला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे लिहिले, माझ्या स्वतःच्या नावाचा तो पहिलाच. त्याचं उत्तर येईना. चपराशाला विचारलं की तो म्हणायचा, "पेशीवर हाय, साहेबापुढं जाईल तवा." मी रोज विचारायचो, तो रोज तेच सांगायचा, आणि मी लिंबाखाली बसून हात चोळत राहायचो.

असाच एका सकाळी बसलो असताना समोर बघितलं. कचेरीच्या आवारात तारखेला आलेली माणसं सावली धरून बसली होती. कुणाचा पुकारा कधी होईल याचा नेम नव्हता. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी भाकरीचं फडकं सोडत होतं. गर्दी जमवायची होती कुणाला? सरकारनंच समन्स धाडून ती जमवली होती. मी पुस्तक काढलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणालो, "बाबा, वेळ जात नाही ना? ऐका थोडं."

आधी तो एकटाच ऐकत होता. मग दोघंतिघं सरकले. चपराशी दारातून बघून गेला, त्यानं हटकलं नाही. या गोष्टीला घाई नव्हती आणि त्या माणसांनाही नव्हती. पेरणीचं पान आलं तेव्हा एकजण मधेच म्हणाला, "पाभर अशी धरत न्हाईत, मुन्शीजी," आणि त्यावरून दुसऱ्याशी त्याचा वाद जुंपला; दोघांच्या गावची पाभर वेगळी निघाली. मी दोघांचंही लिहून घेतलं. एकाचं नाव पुकारलं तेव्हा तो उठता उठता म्हणाला, "जरा थांबता का? साक्ष देऊन आलोच." तो परत येईतो आम्ही खरंच थांबलो. त्याची साक्ष कशी झाली हे कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. "म्हातारी बरी झाली का?" एवढंच त्यानं विचारलं.

पुस्तकं भराभर खपली नाहीत. दिवसाला एखादं जायचं, कधी एकही नाही. पण ती अशा गावांना गेली जिथं मी कधी पाय ठेवला नव्हता, कारण तारखेला माणूस सगळीकडून येतो. शिरूरच्या बाईला मी एक प्रत धाडली. दिरानं वाचून दाखवली, आणि दीर चांगला उतरलाय असा तिचा निरोप आला. बाकी ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

आजही कुणी नवा लेखक येतो तेव्हा मी त्याला म्हणतो, घरी बसून सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही, माझ्याबरोबर कचेरीत चल. काल एकजण आला होता. मी वाचत होतो, तो शेजारी बसून ऐकत होता. चांगलं रंगात आलं होतं, तेवढ्यात आतून एका मोठ्या भावकीचा पुकारा झाला आणि अर्धी माणसं धोतर झटकत उठून गेली. त्याचा चेहरा पडला. मी पान उलटलं आणि उरलेल्यांसाठी पुढं वाचू लागलो.